भरतीच्या टोंकावरचीं गांवें

परशुरामानें सह्याद्रीच्या कड्यावरून बाण सोडला, समुद्र मागें हटला, आणि जी भूमि उघडी पडली तेंच कोंकण, ही कथा आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलों आहों. चिपळूणच्या माथ्यावर, डोंगराच्या उतारावर, परशुरामाचें देवालय आहे. त्या उंचीवरून वाशिष्ठी नदी, तिची खाडी आणि दोहोंच्या सांध्यावर पसरलेलें शहर हीं एका दृष्टिक्षेपांत येतात. पुराणकथेला इतिहास मानूं नये हें खरें. पण तिला निव्वळ कल्पना म्हणून टाकून देणेंहि बरें नव्हे. ही जमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे, ती जितकी आपली तितकीच त्याचीहि, ही जाणीव त्या कथेंत आहे. मात्र भूगर्भशास्त्राला विचारलें तर उत्तर कथेच्या उलट मिळतें. गेल्या वीस हजार वर्षांचा हिशेब मांडला तर समुद्र कोंकणापासून हटलेला नाहीं. तो कोंकणांत शिरलेला आहे.

या उलटसुलट जबाबाचा विचार करण्याचें कारण केवळ विद्वत्तेची हौस नव्हे. २००५ आणि २०२१ या दोन सालांच्या जुलै महिन्यांत महाड, चिपळूण यांसारखीं शहरें पाण्याखालीं गेलीं, डोंगरकड्यांखालच्या वाड्या रातोरात मातींत गाडल्या गेल्या, आणि दरवेळीं एकच प्रश्न विचारला गेला: हीं गांवें अशा जागीं वसलींच कां? या प्रश्नांत पूर्वजांच्या अदूरदृष्टीचा आरोप गर्भित असतो. आमच्या मतें हा आरोप अन्यायाचा आहे. आमचे पूर्वज पाण्याला न ओळखून तेथें राहिले नाहींत. पाण्याला ओळखूनच राहिले. तें कसें, व त्या ओळखीचा विसर आपणांस कसा पडला, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

आधीं भूमीची घडण पाहूं. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले व त्यांतून काळ्या कातळाचें हें पठार तयार झालें. त्याची पश्चिमेकडील कड पाण्यानें झिजत झिजत मागें सरत गेली. आज आपण जिला सह्याद्रि म्हणतों ती ही झिजलेली कड होय. तिच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतची पट्टी बहुतेक ठिकाणीं पन्नास ते ऐंशी किलोमीटरांपेक्षां रुंद नाहीं. नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी वारे या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात, आणि त्यांतलें पाणी येथेंच रितें होतें. किनाऱ्यावर वर्षाकाठीं अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरीं साडेपांच हजारांच्या आसपास. आणि कड ओलांडून पुण्यास यावें तों सातशेंच्या घरांत. एवढी तफावत इतक्या थोड्या अंतरांत जगाच्या पाठीवर फार थोड्या ठिकाणीं दिसते.

हा बहुतेक सारा पाऊस चार महिन्यांत पडतो, व त्याला समुद्र गांठावयास वाट फार आंखूड असते. गोदावरी वा कृष्णा यांना आपलें पाणी बंगालच्या उपसागरापर्यंत नेण्यास शेंकडों कोस चालावें लागतें. त्या प्रवासांत पूर पसरतो, मंदावतो. सावित्रीला तो अवसर नाहीं. ती महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावून पश्चिमेस उडी घेते, आणि तेथें पडलेला पाऊस कांहीं तासांतच महाडच्या दाराशीं येऊन उभा राहतो. कोंकणच्या नद्या अशाच: उन्हाळ्यांत गुडघाभर पाण्याच्या, आणि आषाढांत पाहतां पाहतां पुरुष-दोन पुरुष चढणाऱ्या. आणि इतका पाऊस झेलूनहि चैत्र-वैशाखांत येथल्या विहिरी आटतात, वाड्यावाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. दक्षिणेकडील सड्यांचा जांभा दगड हा पाण्यानेंच घडविलेला आहे. हजारों पावसाळ्यांनीं खडकांतील विरघळणारें सारें धुवून नेलें व लोह आणि अल्युमिनियमचे लाल अवशेष तेवढे मागें ठेवले. तो सच्छिद्र दगड पाणी पितो, पण फार दिवस धरून ठेवीत नाहीं. पाण्याची अतिवृष्टि आणि पाण्याची टंचाई हीं दोन्हीं एकाच घरांत नांदतात, हें कोंकणचें वैशिष्ट्य या घडणींतून आलें आहे.

आतां समुद्राकडे वळूं. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं पृथ्वीवरील पुष्कळसें पाणी बर्फाच्या रूपानें थिजलें होतें, आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षां शंभराहून अधिक मीटर खालीं होती. त्या काळीं कोंकणच्या नद्यांना आजच्या किनाऱ्यापासून पुष्कळ पुढें वाहावें लागे व त्यांनीं आपलीं खोरीं खोल कोरून काढलीं. पुढें बर्फ वितळलें, समुद्र चढूं लागला, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वींच्या सुमारास तो आजच्या पातळीच्या जवळपास येऊन ठेपला. नद्यांनीं कोरलेल्या त्या खोऱ्यांत खारें पाणी शिरलें. त्या बुडालेल्या खोऱ्यांनाच आपण खाड्या म्हणतों. मुंबईच्या भूमीनें तर याच गोष्टीची एक साक्ष उघड केली. १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस डॉकचें खोदकाम चाललें असतां भरतीच्या पातळीच्या पुष्कळ खालीं, चिखलांत, मुळांसकट उभे असलेले झाडांचे बुंधे सांपडले. तेथें जमीन खचली असेल वा समुद्र चढला असेल, अथवा दोन्ही घडलें असेल. जेथें एके काळीं रान होतें तेथें पुढें समुद्र आला, एवढें मात्र त्या बुंध्यांनीं निर्विवाद सिद्ध केलें.

खाडी म्हणजे नदी नव्हे आणि समुद्रहि नव्हे. तिच्यांत पाणी दिवसांतून दोनदां आंत येतें व दोनदां बाहेर जातें. पुनव-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, हा तिचा पंचांगाशीं जुळलेला क्रम कोळ्याला व तांडेलाला तोंडपाठ असतो. भरतीचें पाणी किनाऱ्यापासून कित्येक कोस आंत चढतें, आणि एका ठराविक जागीं, जेथें नदीचें पात्र उथळ व खडकाळ होतें तेथें, थांबतें. या जागेला आम्ही भरतीचें टोंक म्हणूं. कोंकणचा इतिहास समजून घ्यावयाचा तर नकाशावर हीं टोंकें एकामागून एक हेरावीं. सावित्रीच्या भरतीच्या टोंकाशीं महाड. वाशिष्ठीच्या टोंकाशीं चिपळूण व त्याचें बंदर गोवळकोट. जगबुडीवर खेड, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुना व कोदवली यांच्या पाण्यावर राजापूर, उत्तरेस उल्हासवर कल्याण. हा योगायोग नव्हे.

गलबताला जितकें आंत जातां येईल तितकें जावें, कारण पाण्यावरून माल नेणें जमिनीवरून नेण्याच्या मानानें अत्यंत स्वस्त; आणि जेथें गलबत थांबेल तेथें बैलांचे तांडे उभे असावे, म्हणजे माल घाट चढून देशावर जाईल, असा हा सरळ व्यवहार होता. महाडाहून वरंधा घाट, चिपळुणाहून कुंभार्ली, राजापुराहून अणस्कुरा, आणि कल्याणच्या मालाला नाणेघाटाची वाट. भरतीचें टोंक आणि घाटाचा पायथा यांमधली जागा म्हणजे बाजारपेठ. तांडेल भरतीबरोबर वर येई, माल उतरवी, नवा भरी, आणि ओहोटीबरोबर खालीं जाई. समुद्रकांठची चांचेगिरी व वादळें यांपासूनहि ही जागा सुरक्षित असे. ज्यांनीं तेथें पेठा वसविल्या त्यांनीं मूर्खपणा केला असें कोणी म्हणूं शकेल काय? त्यांनीं पाण्याची सर्वांत उपयोगी जागा निवडली.

या व्यापाराची परंपरा दोन हजार वर्षांची आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथांत सोपारें, कल्याण व चौल यांचीं नांवें थोड्याफार अपभ्रंशानें आलेलीं आहेत. सोपाऱ्यास अशोकाच्या शिलाशासनाचा तुकडा सांपडला, आणि १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप खणून काढला. चौलास पंधराव्या शतकांत अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी उतरला व परततांना दाभोळास गलबतावर चढला. दाभोळ हें वाशिष्ठीच्या मुखावरील बहामनी राज्याचें मोठें बंदर. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनीं तें जाळलें. राजापुरास इंग्रजांनीं १६४९ त वखार घातली, आणि १६६१ सालीं शिवछत्रपतींनीं ती लुटली, कारण पन्हाळ्याच्या वेढ्यांत त्या वखारवाल्यांनीं शत्रूला तोफांची मदत केली होती. एवढ्या उलाढालींचीं हीं स्थळें आज पाहावयास जावें तर सोपाऱ्याची खाडी ओळखूं येत नाहीं, चौल नारळी-पोफळींच्या बागांत झांकून गेलें आहे, आणि राजापुरच्या धक्क्याला गलबत लागणें ही जुन्या माणसांच्या कथेंतली गोष्ट झाली आहे.

हीं बंदरें मेलीं कशीं? राज्यें बदललीं, पोर्तुगीजांनीं जाळपोळ केली, मुंबईनें सारा व्यापार ओढून घेतला, हीं कारणें इतिहासाच्या पुस्तकांत असतात व तीं खरींहि आहेत. पण त्यांच्या मागें एक मुका कारभारी सतत काम करीत होता. त्याचें नांव गाळ. डोंगरावरून सुटलेलें पाणी माती घेऊन येतें. वेग आहे तोंवर ती माती पाण्याबरोबर चालते. आणि नदीला भरतीचें पाणी आडवें आलें कीं वेग मंदावतो व माती तळाशीं बसते. म्हणजे गाळ नेमका भरतीच्या टोंकाशींच सांचतो. ज्या कारणानें तेथें गलबत येई त्याच कारणानें तेथें गलबताची वाट बुजे. निसर्गाचा हा व्यवहार हजारों वर्षें चाललेला आहे. माणसानें त्याला गति दिली. जहाजें बांधण्यास साग, इंधनास लांकूड, मुंबईच्या चुलींना जळण, आणि डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरीची शेती, यांनीं सह्याद्रीच्या पश्चिम उताराचें पांघरूण विरळ केलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठीं गलबतें राजापुरापर्यंत चढेनाशीं झालीं होतीं. पुढें आगबोटी आल्या, त्या खाडीच्या मुखाशीं थांबत. मग मोटाररस्ते आले. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सुरू झाली. शहरांनीं नदीकडे पाठ फिरविली व रस्त्याकडे तोंड केलें.

येथें या साऱ्या कथेची मेख आहे. शहराला नदीचें काम उरलें नाहीं, पण शहर नदीच्या दाराशींच राहिलें. ज्या जागेचें भाडें म्हणून पूर सोसावयाचा, त्या जागेचा लाभ संपला. भाडें मात्र चालू राहिलें. आणि तें वाढत गेलें. जुन्या पेठेंतलीं घरें उंच जोत्यांवर असत. सामान वर चढविण्यास माळा असे, आणि पूर येणार हें गृहीत धरूनच श्रावणापूर्वीं दुकानाची मांडणी बदलली जाई. राजापुरच्या बाजारपेठेंत बहुतेक दर पावसाळ्यांत पाणी येतें आणि तेथील व्यापारी तें येण्यापूर्वीं माल हलवितात. ही त्या जुन्या शहाणपणाची शिल्लक होय. परंतु नव्या वस्तींत जोतीं खालीं आलीं, नदीकांठचीं भातशेतें भराव घालून बांधकामाखालीं गेलीं, ओढ्यांवर स्लॅब पडले, आणि ज्या सखल जागांत पूर पूर्वीं आपलें पाणी पसरून विसांवा घेई त्या जागाच नाहींशा झाल्या.

पूर येतो तो कसा हेंहि नीट समजून घेतलें पाहिजे. घाटमाथ्यावर अतिवृष्टि झाली, तिचें पाणी कांहीं तासांत खालीं आलें, आणि त्याच वेळीं खाडींत उधाणाची भरती असली, तर नदीला समुद्राचें दार बंद सांपडतें. गाळानें पात्र आधींच उथळ झालेलें. मग पाणी उभें राहतें आणि शहरांत शिरतें. ओहोटी लागेपर्यंत तें निघत नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूणांत असेंच पाणी चढलें. त्याच पावसांत महाबळेश्वरीं चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, व महाडहि बुडालें. चिपळूणच्या बाबतींत आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कोयनेचें जें पाणी निसर्गतः कृष्णेला मिळून पूर्व समुद्राला जावयाचें, तें विजेसाठीं डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेस वळवून वाशिष्ठींत सोडलेलें आहे. माणसानें येथें प्रत्यक्ष पाणलोटाची सीमाच ओलांडली. पुरांत या पाण्याचा वांटा किती, यावर त्या वर्षीं पुष्कळ वाद झाला. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण ज्या नदीच्या खांद्यावर आपण दुसऱ्या नदीचें ओझें ठेवलें तिच्या पात्राची काळजी दुप्पट घेतली पाहिजे, एवढें तर कोणासहि मान्य व्हावें.

त्या पुरानें दुकानें, घरें, दवाखाने यांची जी हानि केली तिचें वर्णन वृत्तपत्रांत पुष्कळ आलें. या मासिकाच्या वाचकांना एक हानि विशेष जाणवेल. चिपळूणचें लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हें १८६४ साली स्थापन झालेलें ग्रंथालय. २००५ च्या पुरांत त्याचे ग्रंथ भिजले. पुन्हां मोठ्या कष्टानें संग्रह उभा राहिला. २०१३ च्या जानेवारींत त्याच संस्थेनें शहरांत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविलें. आणि २०२१ त पाण्यानें पुन्हां कपाटांत हात घातला. धान्य गेलें तर पुढच्या हंगामांत येतें. जुनें हस्तलिखित वा दुर्मिळ मासिकाचा अंक एकदां चिखल झाला कीं तो पुन्हां पिकत नाहीं.

पुराहूनहि क्रूर असें पाण्याचें दुसरें रूप म्हणजे दरड. सह्याद्रीच्या उतारावर कठीण कातळावर माती व मुरुमाचा जाड थर असतो. सतत दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस पडला कीं हा थर पाण्यानें तुडुंब भरतो; त्याचें वजन वाढतें, आणि कणाकणांतील पाण्याच्या दाबानें कणांची एकमेकांवरील पकड सैल होते. कातळ पाणी घेत नाहीं, म्हणून मातीच्या तळाशीं निसरडी वाट तयार होते. आणि एका क्षणीं सारा उतार खालीं येतो. २००५ च्या जुलैंत महाड तालुक्यांतील जुई, दासगांव, कोंडिवते व रोहन या गांवांत दरडींखालीं दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. २२ जुलै २०२१ ला त्याच तालुक्यांत तळिये येथें ऐंशींहून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इरशाळवाडी गाडली गेली. २७ देह हातीं लागले, ५७ माणसें सांपडलींच नाहींत. २००३ च्या जूनमध्यें वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर रेल्वेगाडी आदळून पन्नासांवर प्रवासी मृत्यु पावले, तेंहि याच मालिकेंतलें.

येथेंहि तोच प्रश्न पुढें येतो: माणसें डोंगराच्या कुशींत राहिलीं कां? उत्तरहि तेंच, पाण्यासाठीं. उतारावरच्या खोलगट जागीं झरा असतो, मातीचा थर जाड असतो, सावली असते. म्हणून वाडी तेथें बसते. पण या उत्तरांत एक भर घातली पाहिजे. इरशाळवाडी ठाकर आदिवासींची होती. खालची सपाट, ओलिताची जमीन ज्यांच्या वांट्याला आली नाहीं त्यांना वर जावें लागलें. पाणी सर्वांना सारखें बुडवितें हें बोलणें सोपें आहे. पण कोणी कोठें राहावें हें पाण्यानें एकट्यानें ठरविलेलें नसतें. ज्या महाडांत सावित्रीचा पूर दर पिढीनें पाहिला, त्याच महाडांत चवदार तळ्याचें पाणी प्यावयास २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पाण्याचा इतिहास लिहितांना भूगोलाबरोबर समाजहि लिहावा लागतो, याची ही आठवण.

आतां चित्राची दुसरी बाजू. कोंकणी माणूस पाण्यापुढें नुसता हात जोडून बसला नाहीं. खाडीकांठच्या चिखलवटीला बांध घालून, खारें पाणी बाहेर ठेवून, पावसाच्या पाण्यानें मीठ धुवून काढून त्यानें भाताचीं शेतें निर्माण केलीं. या बांधांना दारें असत. रायगडाकडे त्यांना उघाडी म्हणतात, गोव्याच्या खाजणांत मानस. ओहोटीला दार आपोआप उघडून आंतलें गोडें पाणी बाहेर जावें आणि भरतीच्या दाबानें तें मिटावें, अशी ही साधी पण अत्यंत चतुर योजना. परशुरामाच्या बाणाची खरी कथा शोधावयाची तर ती या बांधांत आहे. समुद्राकडून भूमि मिळविली ती कुदळ-टोपलीनें. मात्र बांध एकट्याचा नसतो. एका ठिकाणीं खांड गेली कीं साऱ्या गांवाचें शेत खारें होतें, आणि तें पुन्हां गोडें व्हावयास वर्षें लागतात. म्हणून बांधाच्या पाठीशीं व्यवस्था लागते. गोव्यांत गांवकरीची संस्था ही जबाबदारी वाहत असे. अलिबाग-पेणच्या बाजूस शिलोत्री नांवाची पद्धति होती. बाहेरचा बांध राखणें शिलोत्रीदाराकडे, व त्या डागडुजीसाठीं कुळांकडून धान्य घेण्याचा त्याला हक्क.

या व्यवस्थेंत न्याय होता असें आमचें म्हणणें नाहीं. अलिबाग तालुक्यांतील याच खारेपाटांत, चरी या गांवाभोंवतीं, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनीं जमिनी पड ठेवून खोतीविरुद्ध संप केला, व त्या कष्टांतून कूळकायद्याला वाट मिळाली. खोत गेला, हें योग्यच झालें. पण खोताबरोबर बांधाचा धनीहि गेला, आणि त्याची जागा कोण घेणार हा प्रश्न नीट सुटला नाहीं. १९४८ त मुंबई सरकारनें खारभूमीचा कायदा केला, १९७९ त महाराष्ट्रानें नवा केला. बांध सरकारी झाले. तथापि उघाडीचा दरवाजा कुजला हें जितक्या लवकर शेजारच्या शेतकऱ्याला कळतें तितक्या लवकर तें कचेरींतील टेबलाला कळत नाहीं. परिणाम असा कीं पुष्कळ ठिकाणीं खांडींतून भरती आंत आली, शेतें गेलीं, आणि त्यांवर कांदळवन उगवलें. कांदळवनाचाहि उपयोग आहे. तें लाटांचा जोर मोडतें, माशांच्या पिलांना आसरा देतें. परंतु ज्याचें शेत गेलें त्याला हें समाधान पुरेल असें नाहीं.

याच कलेचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे मुंबई. वरळीजवळच्या खिंडींतून भरती आंत शिरे, ती हॉर्नबी या गव्हर्नराच्या कारकीर्दींत, १७८४ च्या सुमारास, बांध घालून अडविण्यांत आली. पुढें सात बेटें भराव घालून एक झालीं. आज लाखों माणसें त्या भरावावर निर्धास्त झोंपतात. पण २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळीं कुलाब्यास जेमतेम ७३ मिलिमीटर होता. आणि मिठी नदी, जी नदी आहे हेंच बहुतेक मुंबईकर विसरले होते, आपल्या जुन्या जागा शोधीत घरांत शिरली. त्या दिवसांत महाराष्ट्रांत हजाराहून अधिक माणसें दगावलीं. २०१८ च्या जुलैंत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखालीं गेले व गाड्या थांबल्या. दोन हजार वर्षांपूर्वीं जेथें गलबतें येत तेथें पाणी पुन्हां आलें होतें, इतकेंच.

समुद्राच्या बाजूनें येणारीं संकटें आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेवलीं आहेत, कारण कोंकणाला तीं तुलनेनें विरळा आलीं आणि म्हणूनच लवकर विसरलीं गेलीं. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं मकरानच्या किनाऱ्यावर भूकंप होऊन उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत पोंचल्या व त्यांनीं येथेंहि बळी घेतले. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेंहून अधिक उतारू बुडाले. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न द्यावयास वर्षें जातात. म्हणजे त्या एका दिवसांत पिढीचें उत्पन्न गेलें. समुद्र तापत आहे, त्याची पातळी वाढत आहे, आणि अरबी समुद्रांतील वादळें अलीकडे अधिक प्रखर होत आहेत, असें शास्त्रज्ञ सांगतात. भरतीचें टोंक आणखी आंत सरकलें तर आजचीं सुरक्षित गांवेंहि उद्यां त्यावर येतील.

यावर उपाय काय? कोणी म्हणेल, गाळ काढा. २०२१ नंतर वाशिष्ठीचा गाळ काढण्याचें काम हातीं घेण्यांतहि आलें. तें आवश्यक आहे. पण डोंगर झिजत राहील तोंवर गाळ येत राहील, हें विसरून चालणार नाहीं. कोणी म्हणेल, पूररेषा आंखा व तिच्या आंत बांधूं देऊं नका. हेंहि योग्य, पण चिपळूणांत रेषा आंखल्या तेव्हां शहरांत असंतोष उसळला, आणि तो अकारण नव्हता. ज्याचें घर तीन पिढ्यांचें आहे त्याला एका सकाळीं नकाशा दाखवून 'तुझें घर चुकीच्या जागीं आहे' असें सांगणें म्हणजे इतिहासाचें सारें ओझें एकट्या त्याच्या माथ्यावर टाकणें होय. जागा त्यानें निवडली नाहीं. ती व्यापारानें, राज्यांनीं आणि भरतीनें निवडली. मोलहि सर्वांनीं वांटून घेतलें पाहिजे. २०११ सालीं डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें पश्चिम घाटाविषयीं जो अहवाल दिला त्यांत गांवच्या लोकांना विचारून निर्णय घ्यावे असा आग्रह होता. त्या अहवालाशीं सर्वांचें एकमत होणें कठीण, पण एवढ्या आग्रहाशीं मतभेद होण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

आमचें स्वतःचें सांगणें याहून लहान आहे व तें आमच्या वाचकांच्या आवांक्यांतलें आहे. पाण्याचें स्मरण लेखी ठेवावें. जुन्या वाड्याच्या भिंतीवर कोणत्या सालीं पाणी कोठवर आलें याची खूण असते, ती रंगकामांत पुसली जाऊं देऊं नये. कोणत्या उतारावर पूर्वीं दरड आली होती, कोणत्या ओढ्यानें वाट बदलली, बांधाची उघाडी कोणी व केव्हां बसविली, हें गांवांतल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतें. तें त्यांच्याबरोबर जातें. शाळामास्तरांनीं, ग्रंथपालांनीं, सुटींत गांवीं जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तें टिपून घ्यावें, आणि तें टिपण ग्रंथालयाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवावें. राजांच्या वंशावळी आपण जपल्या. नद्यांच्या जपल्या नाहींत. कोंकणांत मात्र राजे पुष्कळ आले आणि गेले, आणि नदी दरवर्षीं येते.